पन्नास सालची नॅश

नोरीन टॅकेट पहाटे पाचला टुसॉनहून निघाली, ती केवळ लायमन हस्टेडच्या आधी पोचायचं म्हणून. विलकॉक्सच्या पुढे वीस मैलांवर चेवो आर्मेंताचं जुन्या गाड्यांचं भंगार होतं, आणि तिथे त्याच आठवड्यात एका रँचवरून पन्नास सालची नॅश मोटार येऊन पडली होती. चेवोने ही बातमी आधी लायमनला दिली. पण लायमन बघायला येतो, टायरला लाथ मारतो आणि विचार करतो म्हणून निघून जातो, हा अनुभव असल्यामुळे त्याने नोरीनलाही फोन केला. लायमन शनिवारी साडेआठला येणार होता. फाटक सातला उघडतं हे नोरीनला ठाऊक होतं.

तिचं वय त्रेसष्ट. एकोणतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती आणि आता निवृत्त होऊन ती आपल्या गॅरेजातल्या नॅशच्या मागे लागली होती. त्या सालच्या नॅशला लोक बाथटब म्हणतात, कारण दिसते ती पालथ्या घातलेल्या टबासारखीच, पुढची चाकंसुद्धा पत्र्याने झाकलेली. नोरीनने गेल्या सहा वर्षांत तिचं इंजिन उतरवून बांधलं, गाद्या शिवल्या, रंगही स्वतःच दिला. राहिला होता तो काट्यांचा डबा. या गाडीत वेगाचा, पेट्रोलचा, तापमानाचा असे सगळे काटे एकाच गोल डब्यात असतात आणि तो डबा स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला असतो. तिच्या गाडीच्या आधीच्या मालकाने तो काढून तिथे ट्रॅक्टरचा काटा ठोकला होता.

लायमनच्या नॅशचा डबा फुटका होता. म्हणजे दोघं एकाच वस्तूच्या शोधात, आणि दोघं एकाच क्लबात. महिन्याच्या जेवणाला समोरासमोर बसत आणि बटाट्याचं सॅलड पुढे सरकवता सरकवता एकमेकांना टोचत. लायमन म्हणायचा, "नोरीन, ट्रॅक्टर काय म्हणतो तुझा? नांगरणी झाली का?" त्यावर ती म्हणायची, "तुझ्या गाडीपेक्षा जास्त चालतो."

चेवोचं भंगार म्हणजे पन्नास-साठ एकर उघडं रान. मेस्कीटची झुडपं, गुडघाभर वाळलेलं गवत आणि त्यात रांगेने उभ्या पाचशेच्या वर गाड्या. चेवो पन्नाशीचा, पोट सुटलेला, बापापासून हाच धंदा. नोरीनला रांग दाखवून तो त्याच्या स्पॅनिश अदबीने म्हणाला, "सेन्योरा, पाय बघून ठेवा. उन्हं आली की मंडळी बाहेर पडतात."

"मंडळी माझ्याही अंगणात येतात," ती म्हणाली.

एप्रिलचा शेवट होता, पण सकाळी अजून गार होतं. नॅशच्या चालकाच्या बाजूला एक जुनी स्टुडबेकर इतकी चिकटून उभी होती की ते दार उघडणं शक्य नव्हतं. नोरीनने दुसऱ्या बाजूचं दार ओढून उघडलं. आत उंदरांनी घर केलेलं, पुढच्या बाकाखाली काटक्या, निवडुंगाचे तुकडे आणि गादीतला कापूस यांचा हा ढीग. पण डबा जागच्या जागी होता. काच शाबूत, पांढरे आकडे स्वच्छ.

डब्याचे स्क्रू खालून असतात. तिने जाकीट काढून तळाच्या उंचवट्यावर अंथरलं आणि पाठीवर निजून आत सरकली. डोकं स्टिअरिंगच्या दांड्याखाली, पाठ तळावर, पाय दारातून बाहेर. डाव्या हातात स्क्रू काढायचा पाना, उजव्या हातात टॉर्च. चार स्क्रू होते आणि सगळे गंजलेले. तेल सोडत, थांबत, परत जोर लावत तिने तासाभरात दोन काढले. बाकाचा खालचा काठ तिच्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्याकडे बघायचं तिला काही कारणच नव्हतं.

आणि मग लायमन आला.

तो सत्तरीकडे झुकलेला, उंच, वाळका माणूस. फिनिक्सला चाळीस वर्षं दातांचा डॉक्टर होता. आधी तिला त्याचे बूट दिसले, मग वाकलेला चेहरा.

"हे काय चाललंय?"

"दिसत नाही? स्क्रू काढतेय."

"ती गाडी मी सांगून ठेवली होती."

"तू नुसतं सांगितलंस. मी आले."

"नोरीन, हा शुद्ध चोरटेपणा आहे."

"मग पोलिसांना बोलाव. सांग, म्हातारीने डबा पळवला."

लायमन सहसा चिडत नसे. पण तोही दोन वर्षं त्या डब्यासाठी फिरला होता. त्याने हात उगारला आणि गाडीच्या टपावर जोराने थाप मारली. सगळा पत्रा ढोलासारखा घुमला, गंजाचा चुरा नोरीनच्या तोंडावर पडला, आणि तो घुमारा विरायच्या आत दुसरा आवाज सुरू झाला.

वाळक्या शेंगांची पिशवी कोणी जोरजोराने हलवावी तसा. बाकाखालून.

रॅटलस्नेक, शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप. या भागात राहणाऱ्याला तो आवाज ओळखायला शिकावं लागत नाही. नोरीनच्या डोक्यात काही शिरायच्या आधीच तिचं अंग गोठलं होतं. डावा हात स्क्रूपाशी वर, उजवा टॉर्चसकट अंगालगत, तसेच राहिले. आवाज तिच्या उजव्या कानापासून फारतर दोन हातांवर होता आणि तो थांबत नव्हता.

"नोरीन," लायमनचा आवाज एकदम बारीक झाला. "नोरीन, बाहेर ये."

"गप," ती ओठ न हलवता म्हणाली. "हलू नकोस. कशाला हात लावू नकोस."

"बाहेर ये ना."

"तो माझ्या खांद्याशी आहे, लायमन. चेवोला बोलाव. पाय आपटत पळू नकोस."

तो गेला. खुळखुळ हळूहळू मंदावली आणि थांबली. ते थांबणं जास्त वाईट होतं, कारण आता तो कुठे आहे हे कळायला मार्ग राहिला नाही. नोरीनला फक्त वरच्या तारा आणि डब्याची गोल पाठ दिसत होती. मान वळवायची तिची हिंमत नव्हती. काटक्यांमध्ये काहीतरी सरसरलं. मग उजव्या दंडाला, बाहीच्या कापडावरून, कशाचा तरी स्पर्श झाला. जड आणि सावकाश. ते तिच्या दंड आणि बरगड्यांमधल्या पोकळीत शिरलं, थोडं पुढे गेलं, वळलं आणि तिथेच थांबलं.

त्याला ऊब हवी होती. सकाळच्या त्या गार पत्र्यात सगळ्यांत ऊबदार वस्तू तीच होती.

तिला किंचाळावंसं वाटलं आणि किंचाळी बाहेर आलीच नाही. छाती वरखाली झाली तर त्याला कळेल म्हणून ती गळ्यापर्यंतच श्वास घेऊ लागली. कानात तिचेच ठोके इतक्या मोठ्याने वाजत होते की तिला वाटलं, त्यालाही ते जाणवत असणार. पोटाखाली काहीतरी सैल झालं, मांड्यांवर गरम ओल पसरली, आणि तिला त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती.

चेवो आला तो अगदी हलक्या पावलांनी. त्याने तिच्या पायांशी बसून आत पाहिलं.

"सेन्योरा, ऐकू येतंय ना? बोललात तरी चालेल. त्याला बोलणं कळत नाही, हादरा कळतो. फक्त अंग हलवू नका."

"मोठा आहे?"

"आहे बऱ्यापैकी."

"खरं सांग, चेवो."

"माझ्या मनगटाएवढा. पण शांत आहे. वेटोळं घालून तुमच्या काखेशी बसलाय. तोंड तुमच्या पायांकडे आहे, ते बरं आहे." जरा थांबून त्याने विचारलं, "कसलं औषध चालू आहे का तुम्हाला?"

नोरीनला हा प्रश्न का येतोय ते लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून ती रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होती. या सापाचं विष रक्तच गोठू देत नाही, हे तिला शाळेच्या दरवर्षीच्या प्रशिक्षणात सांगितलेलं होतं.

"रक्त पातळ करायची गोळी," ती म्हणाली.

चेवोच्या मागे येऊन उभा राहिलेला लायमन एक पाऊल मागे सरला.

"बरं," चेवो म्हणाला. "मग आपल्याला घाई करून चालायचं नाही. मी ऑफिसातून फोन करून येतो. इथे मोबाइल लागत नाही. लायमन, तुम्ही इथे बसा, बोलत राहा. कशालाही हात लावू नका."

चेवोची पावलं दूर गेली. लायमन दारापासून चार हातांवर उकिडवा बसला.

"माझ्यामुळे झालं हे."

"हो."

"मी टपावर मारलं नसतं तर..."

"लायमन, तुला बोलत राहायला सांगितलंय, रडायला नाही."

"मला सापांची फार भीती वाटते गं. लहानपणापासून. मी बागेतला पाण्याचा पाइपसुद्धा अंधारात उचलत नाही."

"चल, मग जागा बदलू."

नोरीनचा वर धरलेला डावा हात आता जळायला लागला होता. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या आणि पाना बोटांतून सुटतोय असं वाटू लागलं. पाना पडला असता तर सरळ छातीवर पडून उजवीकडे घरंगळला असता. तिने तो हात केसाकेसाने खाली आणला. एवढंसं अंतर कापायला किती वेळ लागला कोण जाणे. पाना छातीवर टेकला तेव्हा काखेतलं ते वेटोळं किंचित आवळलं आणि पुन्हा सैल झालं.

डोळे मिटले की भीती वाढायची, उघडले की तारा दिसायच्या. म्हणून तिने मनात बस चालवायला घेतली. ग्रँट रस्त्यावरून सुरुवात, पहिला थांबा पंतानोच्या कोपऱ्यावर, तिथे दोन जुळ्या बहिणी चढायच्या. दुसरा विल्मटला. क्रेक्रॉफ्टपाशी ती पोचली तोच काखेत काहीतरी सरकलं आणि बस, रस्ता, पोरी सगळं पुसून गेलं.

एव्हाना सूर्य वर आला होता. उघडं दार पूर्वेकडे होतं. ऊन आधी तिच्या बुटांवर होतं, मग गुडघ्यांवर, मग पोटापर्यंत चढलं. ओली पँट वाळून ताठ झाली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसता येत नव्हता.

"पाणी," तिच्या तोंडून निघून गेलं.

पाणी देणं शक्यच नव्हतं. पण लायमनला काहीतरी करायचं होतं. हातावर हात धरून बसणं त्याला सोसवेना. शेजारच्या ट्रकवर एक ताडपत्री पडली होती. ती त्याने आवाज न करता, अगदी तान्ह्या मुलावर दुपटं घालावं तशी नॅशच्या टपावरून उघड्या दारावर सोडली. आत एकदम सावली झाली. नोरीनला बरं वाटलं. तिने डोळे मिटून घेतले.

आणि सापालाही बरं वाटलं. तो तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला आणखी नीट घट्ट बसला, आणि तिच्या मनगटाच्या जरा वर, जिथे बाही दुमडलेली होती तिथे, त्याने आपली हनुवटी टेकवली. उघड्या कातडीवर. कोरडी, खरखरीत आणि अजिबात थंड नसलेली.

"लायमन," ती म्हणाली. पुढचे शब्द येईनात.

"काय? बरं वाटतंय ना?"

तेवढ्यात चेवो परतला. ताडपत्री बघून त्याने कपाळावर हात मारला, पण आवाज खालीच ठेवला. "हे कोणी केलं? तुम्ही? अहो, त्याला पलंग घालून दिलात तुम्ही. ऊन तापलं असतं तर तो आपण होऊन उठला असता. आता संध्याकाळपर्यंत हलायचा नाही."

"तिला पाणी पाहिजे होतं."

"म्हणून तंबू ठोकलात?" चेवो पुन्हा दारापाशी बसला. "सेन्योरा, अग्निशामकवाल्यांचा साप पकडणारा माणूस बेन्सनच्या पुढे गेलाय. त्याला यायला अजून सव्वा तास तरी लागेल. थांबता येईल?"

"नाही," ती म्हणाली. तिच्या पाठीत कळ यायला लागली होती आणि डावा पाय आपोआप उडत होता. तो एकदा उडाला होता, दुसऱ्यांदा उडणार हे तिला कळत होतं. "चेवो, माझा पाय थांबत नाही."

चेवोने तिच्या बुटावर हात ठेवला. सावकाश ठेवला आणि तसाच धरून ठेवला, म्हणजे पाय उडाला तर त्याच्या हातात उडेल. "मी धरलाय. आता ताडपत्री काढू. आवाज होईल. तो वाजेल. वाजू दे. वाजणारा साप सांगत असतो की लांब राहा. तुम्ही दगड आहात असं समजा."

लायमनने ताडपत्री ओढली. ती कोपऱ्याच्या पत्र्यावर अडकली, खर्रकन फाटली आणि साप वाजू लागला. आता तो आवाज तिच्या बरगड्यांतून येत होता. शेपटी तिच्या कमरेवर आपटत होती, हाडापर्यंत थरथर जात होती, दात वाजत होते. दात तिचेच होते. त्या हादऱ्याने साप बिथरेल या भीतीने तिने जीभ दातांमध्ये घातली आणि चावून धरली. तोंडात रक्ताची चव आली.

तो थांबला. ऊन परत पोटावर आलं, मग छातीवर. पंधरा मिनिटं गेली असतील. तिच्या शर्टाची गुंडी तापून कातडीला डसायला लागली. साप उठला.

त्याची हनुवटी मनगटावरून सुटली. जड शरीर दंडावरून वर सरकायला लागलं, खांद्याकडे. चेवो एक शब्द बोलला नाही, आणि तेवढ्याने तिला समजलं की चुकीच्या दिशेला चाललाय. बाकाखालचं बीळ सोडलं तर गाडीत आता एकच सावलीची जागा उरली होती, ती स्टिअरिंगच्या दांड्याखाली. जिथे तिचं डोकं होतं.

तो तिच्या खांद्याच्या उंचवट्यावरून मानेच्या खोबणीत उतरला. जीभ तिच्या कानाच्या पाळीला लागली, दोनदा, पिसासारखी. मग त्याने तिथेच वेटोळं घातलं, तिच्या जबड्याखाली. डोळा खाली वळवला की तिला त्याच्या पाठीवरचे तपकिरी चौकोन दिसत होते. तिने डोळा पुन्हा खाली वळवला नाही.

"सेन्योरा," चेवोचा आवाज बसला होता. "आता उत्तर देऊ नका. फक्त ऐका. ती सावली आपल्याला मोडायची आहे. मग बाकाखालच्या बिळाशिवाय त्याला जागा उरणार नाही. पलीकडच्या खिडकीतून ऊन टाकायचं. ट्रकचा मोठा आरसा आहे माझ्याकडे."

पलीकडे, म्हणजे नॅश आणि स्टुडबेकर यांच्या मधल्या फटीत. तिथे गवत वाढून कमरेएवढं झालं होतं आणि फट जेमतेम हातभर रुंद. चेवोने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग त्याने लायमनकडे बघितलं.

"नाही," लायमन म्हणाला.

"मी मावत नाही त्यात."

"त्या गवतात काय आहे ते दिसत नाही."

"नाही दिसत. खरं आहे."

नोरीनला हे सगळं ऐकू येत होतं. ती काही म्हणू शकत नव्हती, आणि म्हणू शकली असती तरी काय म्हणाली असती? सहा वर्षं ज्याला टोमणे मारले त्याला आता जा म्हणायचं, की जाऊ नकोस म्हणायचं? मग गवत मोडल्याचा आवाज आला. एक पाऊल. पुष्कळ वेळाने दुसरं. प्रत्येक पावलाआधी लायमन काठीने गवत चाचपत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. खिडकीला काच नव्हती. त्याचा श्वास तिला अगदी डोक्याशी ऐकू यायला लागला, धावून आलेल्या माणसासारखा.

मग तिच्या गालावर प्रकाश पडला. पांढराशुभ्र. तो हलत होता, डॅशबोर्डवर जात होता, तारांवर जात होता, परत येत होता.

"लायमन, स्थिर," चेवो म्हणाला.

"हात थरथरतायत माझे."

"दात काढताना थरथरायचे का?"

"तेव्हा पेशंटच्या तोंडात साप नसायचा." पण प्रकाश स्थिर झाला. त्याने आरसा खिडकीच्या वरच्या काठावर टेकवला असावा. नोरीनच्या मिटल्या पापण्या लाल झाल्या, मग नारिंगी. गाल भाजू लागला. कान भाजू लागला. तिने मनात आकडे मोजले, दोनशेपर्यंत मोजले, चुकले, परत पहिल्यापासून. तीनशे चाळीसच्या आसपास जबड्याखालचं वजन हललं.

तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघाला. खांदा, दंड, बाही. मध्ये एकदा थांबला. शेपटीचं टोक तिच्या हनुवटीखालून फरफटत गेलं, आणि काटक्यांमधली ती सरसर परत ऐकू आली.

"आत गेला," चेवो कुजबुजला. "अर्धा गेला. थांबा. थांबा. गेला. आता मी ओढणार. तुम्ही काही करू नका, हात छातीवर ठेवा."

त्याने तिचे दोन्ही घोटे धरले आणि एका हिसक्यात ओढलं. जाकिटासकट ती दोन फूट सरकली आणि अडकली. उजव्या बाहीत बाकाची मोडकी स्प्रिंग घुसली होती. बाकाखाली खुळखुळ सुरू झाली. नोरीन त्या सकाळी पहिल्यांदा ओरडली, आणि चेवोने दुसरा हिसका दिला. बाही खांद्यापासून फाटली. ती जमिनीवर पडली, डोकं दाराच्या काठावर आपटलं, आणि चेवो तिला तसंच फरफटत वीस पावलं लांब घेऊन गेला.

तिला उभं राहता येईना. ती मातीत बसून दंड चाचपत राहिली. स्प्रिंगने ओरखडा निघाला होता आणि त्यातून रक्त येत होतं, गोळीमुळे जरा जास्तच. तिने चेवोला दहा वेळा विचारलं, "हा स्प्रिंगचाच ना? नक्की ना?" त्याने दहाही वेळा ओरखडा नीट बघितला आणि सांगितलं, "स्प्रिंगचाच."

लायमन फटीतून बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने नोरीनच्या पँटकडे बघितलं, फटीत शिरताना काढून ठेवलेला कोट उचलला आणि तिच्या मांडीवर टाकला. मग तो एका बॉनेटमागे जाऊन ओकला.

साप पकडणारा माणूस पाऊण तासाने आला. त्याने लांब चिमट्याने बाक उचकटला, काटक्यांचा ढीग उपसला, आणि तळाच्या पत्र्याला पडलेलं भोक दाखवलं. साप त्यातून निघून गेला होता. नॅशखाली नव्हता, स्टुडबेकरखाली नव्हता. "कुठेतरी असेल," तो म्हणाला. पाचशे गाड्यांकडे बघून त्याने चिमटा परत गाडीत ठेवला.

ते ऐकल्यावर नोरीनला आपल्या पिकअपपर्यंत जाणं जमेना. पिकअप फाटकाबाहेर उभी होती, मोकळ्या जागेत, तरी तिने चेवोकडून सीटखाली बघून घेतलं, मग डॅशबोर्डखाली, मग परत सीटखाली. आणि एवढं करूनही ती आत बसली नाही. शेवटी लायमनने तिला त्याच्या गाडीतून घरी नेलं. ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. डब्याविषयी दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढलं नाही.

मे महिनाभर ती गॅरेजात गेली नाही. वॉशिंग मशीनमागचा पाइप, अंथरुणाची घडी, दारातला पट्टा, सगळ्यानेच ती दचकायची. रात्री उजवा हात उशीवर वर घेतल्याशिवाय झोप लागत नसे. डॉक्टर म्हणाला, वेळ लागेल. किती, ते त्याने सांगितलं नाही.

जूनमध्ये लायमनचा फोन आला. चेवोने राहिलेले दोन स्क्रू काढून डबा त्याच्याकडे पाठवला होता.

"तुझ्याकडे आणू का?"

"ठेव तुझ्याच गाडीला. तू आधी सांगितलं होतंस."

"मी बसवायला घेतला. काखेत टॉर्च धरली आणि..." तो थांबला. "नाही जमलं मला. बाहेर आलो. दोनदा आलो."

ही भीती दुसऱ्या कोणालातरी आहे हे ऐकून नोरीनला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

"माझ्याकडे घेऊन ये," ती म्हणाली. "एकाने आत जायचं, एकाने बाहेर बसायचं. आत कोण ते नाणं टाकून ठरवू."

नाणं लायमनवर उलटलं. त्या शनिवारी तिच्या गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडी होती, सगळे दिवे लावलेले, नॅशच्या पुढच्या बाकाच्या गाद्या काढून अंगणात ठेवलेल्या. नोरीन दारापाशी स्टूल टाकून बसली, मांडीवर बागेतलं खुरपं, आणि लायमनचे बूट गाडीबाहेर दिसत होते.

"काही लागलं का हाताला?" तिने विचारलं.

"तार आहे."

"नक्की तार?"

"नोरीन, तार ओळखतो मी." थोड्या वेळाने आतून आवाज आला, "तरी एकदा बघ ना."

तिने उठून लांबूनच वाकून बघितलं. तार होती. तसं त्याला सांगितलं आणि परत बसली. चार स्क्रू लावायला त्यांना दोन तास लागले, त्यात तो तीनदा बाहेर येऊन पाणी प्यायला आणि एकदा ती रस्त्यापर्यंत जाऊन आली. दुपारी त्यांनी गाडी काढली. लायमन म्हणाला, हा डबा तुझा, माझ्यासाठी आपण दुसरी भंगारातली गाडी शोधू, पण यापुढे काँक्रीटवर उभी असेल तरच. वेगाचा काटा दहा मैल जास्त दाखवत होता. नोरीनने पाय जमिनीपासून जरा वर धरूनच गाडी चालवली, पेडल दाबायला तेवढा खाली, आणि कोपऱ्यावर वळण्याआधी ती दोनदा सीटखाली बघायला थांबली.